हनुवटीखालचा कापूस

टेस्टला बारा दिवस उरले होते आणि मला पाठीवर पडता येत नव्हतं.

बटालियनच्या निवडक घातक प्लाटूनसाठी आमचा अनआर्म्ड कॉम्बॅटचा, म्हणजे हत्याराशिवाय लढण्याचा कोर्स चालू होता. साडेपाचला फॉल-इन, पाच किलोमीटर धावणं, मग दोन तास एकमेकांना उचलून आपटणं. मी तेल्हाऱ्याचा, आखाड्याच्या मातीत वाढलेला. पाठ टेकली की कुस्ती गेली, हे हाडात मुरलेलं. त्यामुळे कोणी उचललं की मी हवेतच वळायचो आणि हात टेकवायचो. मनगट पुरीसारखं टम्म सुजलं.

"फिर हाथ टेका तो आरटीयू," कोर्सचे उस्ताद सुभेदार साहेब म्हणाले. आरटीयू म्हणजे गाशा गुंडाळून परत आपल्या कंपनीत. मनगटासाठी त्यांनी दहा दिवस रजा दिली. परतल्यावर शेवटचा चान्स.

माझा जोडीदार लान्स नायक रफिक, अकोल्याचा. त्याच्या अब्बांचं गाद्यांचं दुकान. आम्ही नावं एकत्र दिली होती. जोडी फुटणार म्हणून माझ्याहून तोच जास्त चिडला. त्यानेही रजा टाकली आणि मला घरी जाऊ न देता अकोल्यालाच उतरवून घेतलं.

"तू मातीवाला, मी गादीवाला. आता माह्या गादीवर शिक."

मनगट बांधून दुकानामागच्या अंगणात सुरुवात झाली. दोन दिवस त्याने मला आपटलं आणि दोन्ही दिवस माझा हात पुढे गेला. तिसऱ्या दिवशी त्याने अब्बांच्या ढिगातून चिमूटभर कापूस घेतला आणि माझ्या हनुवटीखाली दाबला.

"हा पडू देऊ नको. हाताकडं ध्यानच देऊ नको."

"अन् पाठ टेकली तं?"

"टेकू दे ना बे. कुस्तीत पाठ टेकली का खेळ खतम. इथं डोकं वाचलं पायजे."

कापूस धरायचा तर हनुवटी छातीला लावावीच लागते, मग डोकं आपटत नाही. त्या नादात मी हात विसरलो. अब्बा चष्म्यावरून बघत होते.

"पैलवान, गादी फाटली तं तूच शिवून देजो."

फाटलीच. मी वाकडे टाके घातले. त्यांनी ते उसवून पुन्हा घातले. हरणं वेगळं आणि पडणं वेगळं, हे कळायला मला सव्विसावं वर्ष लागलं. इतका मी अडेल होतो.

टेस्टमध्ये सुभेदार साहेबांनी स्वतः मला तीनदा पाडलं आणि फक्त "नेक्स्ट" म्हणाले. रफिकने माझ्या पाठीत असा धपाटा घातला की साहेबांचं पाडणं बरं वाटावं.

पुढच्या वर्षी आम्ही डोंगरात होतो. सकाळी सात चाळीसला आमची गस्तीची तुकडी एका अरुंद पायवाटेवरून निघाली होती. रफिक पुढे, मी मागे. वरून फायर आला. रफिक वळला, माझा पट्टा धरला आणि मला कडेवरून खाली फेकलं. दहा-बारा फुटांवर दगडांत मी पाठीवर पडलो. हनुवटी छातीला होती. हात टेकला नव्हता.

वरून कोणीतरी ओरडलं, रफिकला गोळी लागली. रेडिओ माझ्याकडे होता.

"कॅज्युअल्टी बताओ. ओव्हर."

"एक. लान्स नायक रफिक. ओव्हर."

"कंडिशन? ओव्हर."

मी वर चढून गेलो, बघितलं आणि मग सांगितलं.

आता मी रिटायर झालोय. अमरावतीत मुला-मुलींचा स्वसंरक्षणाचा क्लास घेतो. गाद्या अकोल्याहून येतात. अब्बांची नजर अधू झाली आहे, तरी शेवटचे टाके तेच घालतात. पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या हनुवटीखाली मी चिमूटभर कापूस ठेवतो. पोरं हसतात. मला हसू येतं, आणि रफिकची आठवणही येते. ती रोजच येते.

लढाईत गेलेल्याला लोक 'पडला' म्हणतात. अब्बांनी एकदाच विचारलं, "कसा पडला रे तो?"

मी खरं तेच सांगितलं. त्याला पडताना मी पाहिलंच नाही, अब्बा. मी शेवटचं पाहिलं तेव्हा तो मला पाडत होता.