चोआ चू कांगच्या काकांचे आकाश

सुरुवातीलाच क्षमा मागतो. पोलिसातल्या आठवणी लिहायला केस पिकलेले असावे लागतात, आणि मी अजून कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी अधिकारीही नव्हतो. सिंगापूरमध्ये वाढलेल्या मुलांना दोन वर्षे सक्तीची सेवा द्यावी लागते. त्यात माझ्या वाट्याला समुद्रावरच्या पोलिसांची गस्तीची बोट आली, एवढेच. दिवाळी अंकाचे काम बघणाऱ्या काकू म्हणाल्या, "सेवा संपली ना तुझी? मग तू निवृत्तच. लिही." माझे वडील गोदीत वेल्डर आहेत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे लेख कसा लिहितात हे विचारायला घरात कोणी नाही. चुकले तर सांभाळून घ्यावे. नाव कोणाचेच लिहिलेले नाही.

दोन वर्षांतले बाकीचे दिवस आता पुसट झालेत. त्या एका प्रकरणाची आठवण आली की मात्र अजून मान खाली जाते.

एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत इथे सुमात्रा बेटाकडून वादळाची लांब रांग येते, बहुतेक वेळा पहाटे किंवा सकाळी. बोटीवरचे सगळे तिला नुसते 'सुमात्रा' म्हणतात. पश्चिमेला क्षितिजावर काळी पट्टी दिसते, मग वारा दिशा बदलतो, आणि थोड्याच वेळात समोरची जहाजेही दिसेनाशी होतात. आधी ती बेटाच्या पश्चिमेला चोआ चू कांगच्या वस्तीकडे कोसळते, नंतर पूर्वेला चांगीच्या धक्क्यावर पोचते. आमच्या सार्जंट मॅडम मलय होत्या. ड्यूटी सुरू होताना इंजिनाचे तेल, लाइफ जॅकेट आणि रेडिओ तपासून झाले की त्या रोज एकच वाक्य म्हणत. "रडार बघा, पण डोळे उघडे ठेवा."

त्या शनिवारी सकाळी चांगीहून उबिन बेटाकडे निघालेली एक लाकडी होडी सुमात्रात सापडली. होडीत मराठी कुटुंबे होती, पूर्वेकडच्या टॅम्पिनीस आणि सेरंगून या वस्त्यांतली जास्त, सहलीला निघालेली. नाशिकहून मुलीकडे आलेल्या एक मावशी पाण्यात पडल्या. आम्ही त्यांना वर ओढले तेव्हा त्या शुद्धीवर नव्हत्या. पुढे बरेच दिवस त्या हॉस्पिटलमध्ये होत्या, पण वाचल्या. होडी चालवणारे चिनी अंकल साठी ओलांडलेले. त्यांचा परवाना चौकशी संपेपर्यंत थांबवला गेला आणि होडी धक्क्याला बांधून ठेवली. त्या होडीशिवाय त्यांना दुसरा कामधंदा नव्हता.

जबाब घ्यायला सुरुवात झाली. सहलीला गेलेले सगळे एकच सांगत होते. आकाश स्वच्छ होते, होडीवाला म्हणाला चला, आम्ही बसलो. शब्दसुद्धा तेच. अंकलचे म्हणणे उलटे होते.

"मी सांगितलं, एक तास थांबा. ते म्हणाले, आमच्या अंकलनी बघितलंय, स्काय क्लिअर, गो गो गो. मी काय करू, लाह?" 'लाह' हे इथल्या बोलण्यातले शेपूट.

"कोण अंकल?" मॅडमनी विचारले.

"आय डोन्नो. देअर अंकल."

मॅडम मला बाहेर नेऊन म्हणाल्या, "खरं बोलणारी माणसं कधी एकमेकांशी इतकी जुळत नाहीत. तुझे लोक आहेत. काय लपवतायत?" 'तुझे लोक' हे शब्द टोचले.

दोन दिवसांनी चौकीवर फोन आला. बाईंनी नाव सांगितले नाही. मराठी बोलणारा शिपाई आहे का, एवढेच विचारले. मी फोन घेतला.

"होडीवाला नकोच म्हणत होता," त्या म्हणाल्या. "आमच्या फोनच्या ग्रुपवर चोआ चू कांगच्या काकांचा आवाजी मेसेज आला होता, पश्चिम साफ आहे म्हणून. तो सगळ्यांनी नंतर पुसून टाकला. इथे कुणाचा पीआरचा, म्हणजे कायम राहायचा अर्ज चालू आहे, कुणाचा नोकरीचा पास संपत आलाय. आपण जबरदस्ती केली असं लिहून गेलं तर काय, म्हणून एकच सांगायचं ठरलं. मीही तेच सांगितलंय. मला लाज वाटते रे." आणि फोन ठेवला.

काका कोण हे शोधायला वेळ लागला नाही. मराठी मंडळींत ते सगळ्यांना माहीत होते. कोकणातल्या एका लहान बंदरावर वादळाचा बावटा चढवायचे काम त्यांनी आयुष्यभर केलेले. आता मुलाकडे दहाव्या मजल्यावर राहत. समुद्रावर, बागेत, कुठेही जायचे असले की पूर्वेकडचे लोक ग्रुपवर विचारत, "काका, आज जाऊ का?" काका पश्चिमेच्या खिडकीतून बघून सांगत. त्यांचे कधी चुकलेले नव्हते. सहल त्यांच्या मुलानेच ठरवली होती.

आम्ही घरी गेलो तेव्हा मुलाचा चेहरा उतरलेला होता. काका मात्र माझा आवाज ऐकून खूश झाले.

"पोलिसात मराठी पोरगा? कुठला रे तू?"

"वडील गुहागरकडचे, काका."

"मग आपलाच की. चहा घेतल्याशिवाय सोडायचा नाही तुला. मॅडमना विचार, साखर किती."

मॅडमनी चहा घेतला. मग मला म्हणाल्या, विचार. त्या इंग्रजीत प्रश्न सांगत, मी मराठीत विचारत होतो.

"काका, शनिवारी सकाळी तुम्ही ग्रुपवर काही सांगितलं होतं?"

"बाबांनी काही नाही..." मुलगा म्हणाला.

"गप रे. सांगितलं होतं. खोटं कशाला बोलू? पश्चिम साफ आहे, खुशाल जा, असं सांगितलं. नंतर पाऊस ऐकला तेव्हा याला फोनही केला, पण तोवर हे होडीत."

"रडारवर त्या वेळी पश्चिमेला काळी रांग होती, काका."

"रडार रडारच्या जागी. मी या डोळ्यांनी बघितलं, या खिडकीतून. मला आभाळ शिकवू नकोस, बाळा."

मॅडम उठून खिडकीपाशी गेल्या. मग हलक्या आवाजात मला म्हणाल्या, "विचार, आता काय दिसतंय."

मीही खिडकीकडे बघितले आणि समजलो. इमारतीला रंग देण्याचे काम चालू होते. रंगाऱ्यांनी बाहेरून सगळ्या काचांवर पांढरे प्लास्टिक चिकटवलेले होते. त्यातून उजेड येत होता, बाकी काही नाही. विचारायचे नव्हते मला. पण मॅडम थांबल्या होत्या, म्हणून विचारले.

काका उठले, हाताने खुर्चीची पाठ चाचपत खिडकीशी आले. मान वर केली.

"आत्ता? आत्ता निरभ्र आहे."

मग मुलगा म्हणाला, "बाबा, खिडकीवर प्लास्टिक आहे."

काकांनी हात पुढे केला. बोटांना फक्त काच लागली.

"कधीपासून?"

"सहलीच्या आधीच्या बुधवारपासून."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हाला दिसतंय. शनिवारी तुम्ही खाली जाऊन बघितलं असेल, असं समजलो."

काका तसेच उभे राहिले. मी गणवेशात बसलेलो आणि ते माझ्यासमोर मान खाली घालून उभे. मी उठून उभा राहिलो, पण त्याने काही हलके झाले नाही. ते म्हणाले, "गेल्या वर्षापासून कमी कमी होत गेलं. आधी उजवा, मग डावा. उजळ दिसलं की साफ म्हणायचो, काळपट दिसलं की थांबा. जमत होतं. या घरात मला विचारायला येण्यासारखं तेवढंच होतं रे."

मग त्यांनी स्वतःच सांगितले, "लिहून घे. मी बघितलं नाही. मला दिसत नाही. होडीवाल्याची चूक नाही."

मुलगा भिंतीला टेकून रडत होता. "तो थांबा म्हणाला होता," तो म्हणाला. "मीच त्याला बाबांचा आवाज ऐकवला. बाबा कधी चुकत नाहीत, असं सांगितलं."

काकांच्या जबाबात 'मला दिसत नाही' हे वाक्य मीच इंग्रजीत लिहिले. सही कुठे करायची हे दाखवायला मी त्यांचा हात धरून कागदावर ठेवला. निघताना दारात त्यांनी विचारले, "त्या माणसाची होडी सुटेल ना?"

"सुटेल, काका."

नंतर एकेक करून सगळ्यांनी जबाब बदलले. कोणी रागावले, कोणी हात जोडले. या प्रकरणाने मला एवढे शिकवले, की पासवर राहणारा माणूस खोटे बोलतो तेव्हा बहुतेक वेळा तो घाबरलेला असतो, आणि त्याच्या भीतीची किंमत त्याच्याहून गरीब कोणीतरी भरतो. दुसरे असे, की ज्याच्या शब्दावर सगळे विसंबतात त्याच्याकडे नीट बघायला कोणालाच सुचत नाही. आमच्या घरीही वडील जुना चष्मा लावून वेल्डिंग करतात. मी त्यांना डोळे तपासायला घेऊन गेलो. ते म्हणाले, "पोलीस झालास म्हणून माझीच चौकशी होय?" पण आले.

कागद परवान्याच्या खात्याकडे गेले. निकाल येण्याआधी माझी सेवा संपली आणि कॉलेज सुरू झाले. काका गावी परतले. काचबिंदू होता, गेलेली नजर येणार नाही असे डॉक्टरांनी सांगितले. त्यांचा मुलगा अधूनमधून मला मेसेज करतो. प्रत्येक वेळी शेवटी एक ओळ असते. 'बाबा विचारतात, होडीवाल्याचं काय झालं?' मला माहीत नव्हते, तसे मी कळवत असे.

गेल्या आठवड्यात टॅम्पिनीसच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या ठेल्यांच्या बाजारात, सार्जंट मॅडम भेटल्या. मी विचारले. परवाना परत मिळाला, त्या म्हणाल्या, अंकल पूर्ण निर्दोष ठरले. पण त्याला बरेच महिने लागले, आणि त्याआधीच त्यांनी होडी विकून टाकली होती.