उघडा राहिलेला कॉक

संताप आला की माझे हात चांगले चालतात. त्या शनिवारी मुलुंडला, बाबांच्या बिल्डिंगखाली गोणपाट पसरून बसले, तेव्हा ते फारच छान चालत होते.

बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार होती. सोसायटीने नोटीस लावली की कंपाउंडमधल्या बंद गाड्या रविवारी भंगाराच्या टेम्पोत जातील. बाबांची मोटारसायकल सहा वर्षं ताडपत्रीखाली उभी. बाबा एक्क्याऐंशीचे, गुडघे गेलेले, जिना उतरत नाहीत. फोनवर मला एवढंच म्हणाले, "ती टेम्पोतून जायला नको गं." कधी काही मागत नाहीत हो ते. म्हणून दहिसरहून पान्यांची पेटी उचलून आले.

गाडी माझ्या धाकट्या भावाची. बाबांचे हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी चावी त्याला दिली; त्याने गाडी एकदाही रस्त्यावर काढली नाही. बारा वर्षांची असल्यापासून त्यांच्या शेजारी बसून ती खोलायचे मी, आणि चावी याला. "तू सासरी, तिकडे कुठे ठेवणार," बाबा म्हणाले, "पण त्याला सगळं नीट शिकव." मी हसून हो म्हटलं. आजही आठवलं की डोकं फिरतं.

दोन सिलिंडरची गाडी, म्हणून कार्बोरेटरही दोन. पहिल्याच्या तळाची वाटी उघडली आणि सडक्या वार्निशसारखा वास नाकात गेला. आत हिरवट चिकटा. पेट्रोल जायचं ते जेटचं केसाएवढं भोक ठार बुजलेलं.

"काय करून ठेवलंयस रे हे?"

भाऊ चहाचा कप घेऊन उभा होता. "मी काय केलं? दर दसऱ्याला पूजा केली ना. धुतली, पुसली, हार घातला. अर्धा लिटर पेट्रोलपण टाकायचो. रिकाम्या टाकीची कशी पूजा करणार?"

म्हणजे दर वर्षी भक्तिभावाने पेट्रोल, आणि टाकीखालचा पेट्रोलचा कॉक सताड उघडा. ते वाटीत उतरायचं, सुकायचं, पुढच्या दसऱ्याला वर नवा थर. या शहाण्याने पूजा करून करून गाडीची वाट लावली होती.

"तूपण कुंकू लावायचीस की ताई," तो म्हणाला.

"विषय बदलू नकोस. टाकी धू जा."

गाडी उभी ठेवायची तर कॉक बंद करायचा आणि वाटीतलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यायचं, हा बाबांचा पहिला धडा. दोन बोटांचं काम. दिवसभर तेच बडबडत मी घासत होते. दोन्ही कार्बोरेटरचे मिळून चार जेट केरोसीनमध्ये भिजवले. भाऊ मदतीला म्हणून सुई घेऊन आला, ती मी हिसकावून घेतली. सुईने पितळेचं भोक मोठं होतं. वायरीतली तांब्याची एक तार काढून तीच आत फिरवायची, मग तोंडाने फुंकायचं आणि उजेडासमोर धरायचं. संध्याकाळी चारही जेटांतून आकाश दिसलं. तेव्हा जरा बरं वाटलं, पण भावाला तसं कशाला दाखवू.

रविवारी नवी बॅटरी, नवे प्लग लावले. टेम्पो फाटकाशी येऊन थांबला होता. भावाने किका मारल्या. सातव्या किकेला एक सिलिंडर खोकलं. मी मागे बसून दोन्ही सायलेन्सरसमोर तळवे धरले, हवेचा मार सारखा लागेपर्यंत भावाला कार्बोरेटरचे स्क्रू फिरवायला लावले. दुसरंही चालू झालं. धुराने अख्खं कंपाउंड भरलं. सेक्रेटरीने नाकाला रुमाल लावून यादीतून आमचा नंबर खोडला.

बाबा पहिल्या मजल्याच्या गॅलरीत कठड्याला धरून उभे होते. डोळे पुसून झाल्यावर त्यांनी वरून मला विचारलं, "कॉकचं तू त्याला शिकवलं होतंस ना?"

"कुठला कॉक?" भाऊ म्हणाला.

माझ्या तोंडात शिवी आली होती, ती तिथेच राहिली. याला खरंच माहीत नव्हतं. शिकवणार होते मी. सहा दसरे मी त्या टाकीला कुंकू लावलं. कॉक हातापासून वीतभर अंतरावर, उघडा, दर वर्षी दिसायचा मला. त्याची गाडी, तो बघेल, असं मनात म्हणायचे, आणि वर जाऊन श्रीखंड खायचे. खोटं कशाला बोलू, गोड लागायचं.

"नाही शिकवलं," मी वर बघून म्हटलं.

बाबा कठड्यापासून वळले. आत जाऊन खुर्चीत बसले.

"इकडे ये," मी भावाला म्हटलं. "खाली वाक. हा कॉक."