न फोडलेलं उत्तर

आमच्या शेजारच्या गृहस्थांना सगळे समजासाहेब म्हणत. कुणी छातीठोकपणे काही सांगितलं, की हे मान तिरकी करून विचारायचे, "समजा, तसं नसलं तर?" घरातही तेच. वहिनी वैतागून म्हणायच्या, "समजा, तुम्ही जरा गप्प बसलात तर?"

नोकरी एका मोठ्या इस्पितळात. डायलिसिसच्या यंत्रावर कोणत्या रुग्णाला किती वाजता घ्यायचं, हे ठरवणारा प्रोग्रॅम त्यांनीच लिहिला होता आणि एकोणीस वर्षं तेच तो सांभाळत होते. छंद म्हणाल तर पुन्हा तेच. प्रोग्रॅमर लोकांच्या सरावासाठी कोडी देणारी एक साइट आहे. कोडं सोडवायचं आणि मग खाली चर्चेच्या पानावर एकमेकांच्या उत्तरांची चिरफाड करायची. तिथे भांडता भांडताच त्यांना दोन मित्र मिळाले. एक बँकेत काम करणारी तरुण बाई, आणि दुसरा सदा पेंगुळलेला एक जाडजूड गडी. त्याला सगळे डुलक्या म्हणत. रविवारी सकाळी दहाला तिघं माझ्या खोलीत जमत, कारण टेबल माझ्याकडे मोठं. राजदरबाराच्या प्रवेशातलं. आमची नाटक कंपनी बंद पडली तेव्हा मी ते उचलून आणलं होतं.

मला कोड्यातलं ओ की ठो कळत नसे, पण तालीम कळते. त्यांचा नियम असा, की एकाने उत्तर मांडलं की बाकीच्यांनी ते फोडायचं. म्हणजे ते उत्तर जिथे तोंडावर आपटेल, असं एखादं उदाहरण शोधून काढायचं. साइटने पास केलेलं असलं तरीही. उगीच "छान" म्हणणं हा त्या टेबलावर अपमान होता. माझ्या उमेदीच्या काळात असे दोन प्रेक्षक मला लाभते, तर मी आहे त्याहून बरा नट झालो असतो.

एका रविवारी साहेबांनी लॅपटॉप उघडलाच नाही.

"डॉक्टर म्हणतात, डोक्याला गळती लागलीय. विसरण्याचा आजार. वाढतच जाणार. इस्पितळात अजून कुणाला बोललो नाही."

डुलक्याची झोप उडाली.

"काम सोडवत नाही रे. पण त्या यंत्रांवर माणसं असतात. माझी चूक मला कळायची नाही, तुम्हाला कळेल. ज्या दिवशी सोपं कोडं चुकेन, त्या दिवशी सांगा. लगेच राजीनामा देतो."

"आणि तोवर?" बँकेतल्या बाईने विचारलं.

"तोवर फोडत राहा. दयामाया नको."

चार महिने निभावले. मग एकदा कोडं निघालं ते सभागृहाचं. सभागृह एक, मागणारे पुष्कळ, प्रत्येकाची सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ ठरलेली. दिवसभरात जास्तीत जास्त कार्यक्रम कसे बसवायचे? हे मलासुद्धा समजलं. आम्हा नाटकवाल्यांचा जन्म नाट्यगृहांच्या तारखा मिळवण्यातच गेला.

"सोपं आहे," साहेब खुशीत म्हणाले. "सगळ्यात छोटा कार्यक्रम आधी घ्यायचा. मग त्याहून मोठा. जागा उरेल तसे बसवत जायचे."

बाईने तोंड उघडलं आणि मिटलं. डुलक्या टेबलाच्या नक्षीवरून बोट फिरवत राहिला.

"झकास, साहेब. एकदम बरोबर."

"बरोबर," तीही म्हणाली.

साहेब हसले. चष्मा पुसून डोळ्यांवर चढवता चढवता मध्येच थांबले.

"फोडा की."

"त्यात काय फोडायचं..." डुलक्या पुटपुटला.

"सात वर्षांत माझं एक उत्तर तुम्ही चावल्याशिवाय गिळलेलं नाही. आज एवढे गोड का झालात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे.

शेवटी बाईने पेन्सिल घेतली. "एक कार्यक्रम नऊ ते बारा. दुसरा बारा ते तीन. तिसरा साडेअकरा ते साडेबारा. तिसरा सगळ्यात छोटा. तो घेतला की बाकीचे दोन्ही गेले. छोटा नाही, जो लवकर संपतो तो आधी घ्यायचा."

साहेबांनी कागद जवळ ओढून तिन्ही वेळांवरून बोट फिरवलं. "सुरेख आहे गं. कुणी शोधलं हे?"

"तुम्हीच, साहेब," ती म्हणाली. "आपलं पहिलं भांडण यावरूनच झालं होतं. छोटा आधी, असं तेव्हा मी म्हणत होते."

ते आठवायचा प्रयत्न करताहेत, हे कपाळावर दिसत होतं. आठवलं नाही, हेही दिसलं.

मग त्यांनी लॅपटॉप ओढला, चार ओळींचा राजीनामा लिहिला आणि तिच्यापुढे सरकवला. "तपास. आता लाजू नकोस."

तिने वाचलं. "साल मागचं पडलंय."

"दुरुस्त कर."

तिने दुरुस्त केलं. त्यांनी पत्र स्वतःच्या हाताने पाठवलं. एवढ्यात जेवायला बोलवायला वहिनी दारात आल्या.

"आज लवकर आटपलं?"

"हो. उद्यापासून मी घरीच आहे."

वहिनींनी आमच्या तिघांचे चेहरे एकेक करून पाहिले. पदराने हात पुसत त्या म्हणाल्या, "बरं झालं. उद्या गॅसवाला येणार आहे, दार उघडायला कुणीतरी हवंच होतं."