अष्टमीचं बुकिंग

समुद्र मी आजवर दोनदा पाहिला, दोन्ही वेळा ताईच्या सासरी. तरीही सिंधुदुर्गातल्या एका बोटीचं बुकिंग मी वर्ध्याजवळ सिंदी मेघेतल्या आमच्या घराच्या जिन्यात बसून घेते. जिन्यात, कारण रेंज तिथेच येते. बोट भाऊजींची. पुण्यातली नोकरी सोडून ते गावी परतले आणि गळाने मासे पकडायची हौस असलेल्या लोकांना किनाऱ्याजवळचे खडक आणि खाडीचं तोंड फिरवू लागले. हे हौशी लोक बहुतेक बाहेरच्या राज्यांतले, इंग्रजीत मेसेज करणारे. भाऊजी दिवसभर पाण्यावर, ताई शाळेत शिकवायला. मग इंग्रजी शाळेत शिकलेली आणि कोणालाही नाही न म्हणणारी धाकटी बहीण सगळ्यांच्या सोयीची ठरली. फक्त टाइप करायचं होतं म्हणून मीही हो म्हटलं. फोनवर बोलणं मी होता होईल तो टाळते.

शेजारच्या काकूंनी एकदा गेटवर गाठून विचारलं, "वर्ध्यात बसून समुद्रात बोट चालवून राह्यली म्हणे तू?" मी हसले आणि आत गेले.

त्या आठवड्याचे पाहुणे चौघे, बंगळुरूचे. त्यांच्या वतीने एकच गृहस्थ बोलायचे. फोटोत त्यांच्या डोक्यावर रुंद काठाची टोपी होती, म्हणून मनात मी त्यांना टोपीसाहेब म्हणायचे. त्यांनी महिनाभर आधी लागोपाठचे दोन आठवडे सुचवून विचारलं होतं, यातला मासेमारीला चांगला कोणता? दुसऱ्या आठवड्यात देवळीला मामेबहिणीचं लग्न होतं. चार दिवस नातेवाइकांच्या गराड्यात मेसेजना उत्तरं देत बसणं माझ्याच्याने झालं नसतं. मी लिहिलं, पहिला. भाऊजींना तारखा कळवल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "हे दिवस त्यांनीच मागितले का?" ते असं का विचारतात हे मला कळलं नाही, आणि लग्नाचं सांगायचं नव्हतं. मी लिहिलं, "हो."

सोमवारी पहाटे पहिला मेसेज आला: नाश्त्याला पोह्यांशिवाय काही मिळेल का? मग, बोटीवर सावली आहे का? मग, सावली आहे पण ती सरकते, त्याचं काय करणार? मी प्रत्येक वेळी माफी मागून उत्तर देत होते. सूर्याबद्दलही मीच माफी मागितली. दुपारपर्यंत एकही मासा लागला नाही. टोपीसाहेबांनी लिहिलं, पहिला दिवस आहे, समजू शकतो.

मंगळवारी त्यांनी समजून घेतलं नाही. दिवसभरात तळहाताएवढी एक तांबोशी मासळी, तीही चौघांत. त्यांनी तिचा फोटो शेजारी पेन ठेवून पाठवला. पेन जास्त लांब होतं. त्यांच्यातल्या एकाचा मंगळवारचा उपास, त्याला फक्त उकडलेले बटाटे लागतात हे त्यांनी दुपारी दोनला कळवलं, बोट खाडीच्या मधोमध असताना. ताईने शाळा सुटल्यावर बटाटे उकडून धक्क्यावर नेले. ते त्यांना गार वाटले. मी मोबाइल पायरीवर उपडा ठेवला आणि दोन मिनिटं भिंतीकडे पाहत बसले. आईने खालून विचारलं, "काऊन व माय, कोनाचं काय झालं?" म्हटलं, बटाटे गार झाले.

बुधवारी संध्याकाळी लांबलचक मेसेज आला. तीन दिवस फुकट गेले आहेत. कॅप्टन सभ्य आहे, पण त्याला मासा कुठे असतो हे कळत नाही. विचारलं तर एवढंच म्हणतो की कधी मिळतो, कधी नाही. उद्यापासून आम्ही शेजारची बोट घेत आहोत आणि आमच्या क्लबलाही हेच सांगणार.

भाऊजींचा हा दुसराच हंगाम होता. त्यांच्याच धक्क्यावरून, गावादेखत, त्यांचे पाहुणे उठून शेजारच्या बोटीत बसणार होते. नोकरी सोडून आलेल्या माणसाला गाव एवढं विसरू देत नाही. मला राग आला. हे खडक भाऊजींना लहानपणापासून पाठ आहेत, हे टोपीसाहेबांना पटवायला मी जुने मेसेज चाळू लागले. भाऊजींनी हंगामाच्या सुरुवातीला वहीच्या पानाचा एक फोटो पाठवल्याचं आठवत होतं. बारीक मराठी अक्षर, सगळ्या तिथ्या. तेव्हा मी तो न वाचताच अंगठा दाखवला होता. मराठी हस्ताक्षर वाचायला मला वेळ लागतो आणि तिथ्या ही मला आईच्या उपासांची भानगड वाटायची.

आता तो मोठा करून वाचला. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी जोरात, बुकिंग घे. अष्टमीच्या मागेपुढे भांग, म्हणजे भरती-ओहोटी नावापुरती. पाणी हलत नाही, मासा चरत नाही. तेव्हा कोणाला बोलवू नकोस, लोक नाराज होतात. खाली माझा पिवळा अंगठा.

मी खाली जाऊन आईला विचारलं, आज तिथी कोणती?

"अष्टमी," आई कणीक मळता मळता म्हणाली. "डोक्यावर कॅलेंडर टांगलंय. एवढी फी भरली तुह्या शाळेत, तुले अष्टमी नाई समजत?"

नाहीच समजत. पण भाऊजींना तारखा पाहिल्या क्षणीच समजलं होतं. तीन दिवस ते बोलणी ऐकत होते आणि बुकिंग कोणी घेतलं हे त्यांनी एकदाही काढलं नव्हतं. पाहुण्यांनीच दिवस मागितले असं त्यांना वाटत होतं, कारण मीच तसं सांगितलं होतं.

मेसेज तीनदा लिहिला, तीनदा पुसला. लिहिलेल्या माफीची टोपीसाहेबांना सवय झाली होती. मग जिन्यात जाऊन फोन लावला. कुठली तरी वेगळीच बाई बोलतेय असा माझा आवाज येत होता. भरती-ओहोटीचं सांगितलं. कॅप्टनने मला आधीच लिहून दिलं होतं, मी वाचलं नाही, आणि हा आठवडा चांगला हे कोणाला न विचारता मीच ठरवलं, हेही सांगितलं. लग्नाचंसुद्धा.

"म्हणजे त्याला सोमवारीच माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि शेजारच्या बोटीखालीही हेच पाणी?"

"हो सर."

"मग बोट बदलून काय उपयोग," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मग भाऊजींना फोन केला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. ते ओरडले असते तर सोपं गेलं असतं. "यादी वाचलीस ना आता?" एवढंच म्हणाले, आणि मग, "लग्नाचं सांगितलं असतंस तर तेवढे चार दिवस मेसेज मी पाहिले असते."

उरलेले दिवस चौघे भाऊजींच्याच बोटीत बसले. मासे फारसे लागले नाहीत. तक्रारी थांबल्या नाहीत, पण आता त्या माझ्याबद्दल होत्या. शनिवारी निघताना टोपीसाहेबांनी लिहिलं की पोहे शेवटी बरे वाटले.

पंधरवड्याने त्यांचा मेसेज आला. क्लबचे सहा जण येऊ म्हणतात, रजा अमुक तारखेलाच मिळते, त्याच तारखा द्या. मी कॅलेंडर खिळ्यावरून काढून जिन्यात नेलं आणि बोट ठेवून एकेक चौकोन वाचला. पुन्हा अष्टमी. या लोकांना रजा देणारा माणूस कोण आहे, मला खरंच जाणून घ्यायचंय.

मी त्यांना फोन केला. म्हटलं, "नाही सर. त्या दिवसांत नाही."

त्यांनी विचारलं, मग कधी?

"अमावास्येला," मी म्हटलं, आणि अमावास्या म्हणजे काय हे त्यांना इंग्रजीत समजावत बसले.