चतुराबाईनं शीव मोडली

कंधारपासून चार कोसांवरच्या त्या गावात सरकारला चतुराबाईइतक्या शिव्या घालणारं दुसरं कुणी नव्हतं. जर्मनची लढाई संपून वर्ष झालं तरी निजाम सरकारची लेव्ही काही संपत नव्हती. तहसिलीची माणसं यायची, घरातली ज्वारी मापून न्यायची, वर जेवून जायची. "जेवताना बी मापूनच गिळा म्हनावं मेल्यांना," ती चारचौघांत म्हणायची. नवरा गेल्यावर बारा एकर रान आणि एकुलता लेक ग्यानोबा तिनं एकटीनं सांभाळला होता. तोंड फटकळ ठेवल्याबिगर ते जमलं नसतं. त्या साली गावानं आपली अर्धी ज्वारी पांढरीत, म्हणजे गावठाणाच्या पांढऱ्या मातीच्या मोकळ्या जागेत, जमिनीखाली पेवं खोदून दडवली. पेवांची तोंडं बुजवून वरून शेणामातीनं सारवायची अक्कल तिचीच.

वैशाखात पटकी आली. पाच दिवसांत सात माणसं गेली. वैद्यानं सासुरवाडी गाठली. देशमुखानं बायकापोरं गाडीत घालून नांदेडचा रस्ता धरला. ज्यांना जायला ठिकाण नव्हतं त्यांनी शीव बांधली. मंगळवारी गावाभोवती सूत फिरवलं, वेशीत लिंबाच्या डहाळ्यांचा दोर आडवा लावला. शुक्रवारपर्यंत आतलं बाहेर जायचं नाही, बाहेरचं आत यायचं नाही. दोर मोडला तर मरीआई पुन्हा गावात शिरते, हे लेकराबाळांनाही ठाऊक.

बुधवारी सकाळी ग्यानोबाला हगवण लागली. दुपारपर्यंत त्याचे डोळे खोल गेले, पायांत गोळे यायला लागले. वैद्याच्या कडीला अजून कुलूपच बघून चतुराबाई माघारी फिरली, तर वेशीत गलका. शेजारच्या गावात सुया टोचून कंधारच्या सरकारी दवाखान्याचा कंपाउंडर सिद्रामप्पा तट्टावरून आला होता. पोलीस पाटील शेषेराव दोराच्या आत काठी रोवून उभा.

"शीव बांधलीय, अप्पा. शुक्रवारी या."

"शुक्रवारी कुणाला टोचू? लिंबाला?" कंपाउंडर तट्टावरूनच म्हणाला.

शेषेराव मागं वळून हळू बोलला, "दवाचं निमित्त हाय. पेवं हुडकाया धाडलंय ह्याला. कमरंचा पट्टा बघा, लेव्हीवाल्याचाच हाय."

माणसांनी माना डोलावल्या. चतुराबाईलाही ते पटलं. कालपर्यंत हे तिनंच सगळ्यांच्या आधी बोलून दाखवलं असतं. हा आत आला तर गावाची वर्षाची भाकर जाईल. नाही आला तर दिवस मावळायच्या आत ग्यानोबा जाईल. ती पुढं झाली आणि दोर दोन्ही हातांनी ओढून तोडला.

"काकू! डोकं फिरलं का तुमचं?"

"वैद कुठंय तुमचा, शेषेराव? देशमुख कुठंय? समदे गेले अन् ह्यो एकटा आलाय. चोर असू द्या न्हाईतर राजाचा जावई, आला त्यालाच मी घरी नेनार."

सिद्रामप्पानं ग्यानोबाची नाडी बघितली, औषध पाजलं, पाणी उकळून मीठ घालून चमच्यानं पाजत राहा म्हणून सांगितलं. मग विचारलं, "मावशी, पाणी कुठलं पिता?"

गावाच्या मोठ्या विहिरीची वाट पांढरीवरूनच जायची. दुसरी वाट नव्हती. शेजारणीला ग्यानोबाजवळ बसवून चतुराबाई पुढं, मागं तट्टू. पांढरीवर टापांचा आवाज बदलला. खाली पोकळी असल्यासारखा धबधब वाजायला लागला. सिद्रामप्पानं तट्टू थांबवलं. आधी जमिनीकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"हीर पुढं हाय," ती म्हणाली.

त्यानं विहिरीत लाल दवा सोडली. पाणी जांभळासारखं झालं. संध्याकाळपर्यंत पन्नासेक दंड टोचून झाले, शेवटचा शेषेरावाचा. गावात त्यानंतर दोन माणसं गेली, मग पटकी थांबली. ग्यानोबा आठवडाभर अंथरुणाला खिळून होता, पण उठला.

ज्येष्ठात लेव्हीची माणसं पहारी घेऊन आली ती सरळ पांढरीवर. तीन पेवं उपसून नेली. सिद्रामप्पानं सांगितलं, का गावातल्याच कुणी पैसे खाल्ले, हे कधी कळलं नाही. गावानं मात्र चतुराबाईचंच नाव घेतलं. पाणवठ्यावर बायका तिच्या घागरीपासून आपली घागर सरकवायला लागल्या. ती भांडली नाही. सिद्रामप्पानंच सांगितलं असणार असं तिलाही वाटायचं, आणि त्याला ती मनापासून शिव्या घालायची. पण ग्यानोबा औताला बैल जुंपताना दिसला की शिवी अर्ध्यावर थांबायची. ज्वारी नेणारं सरकार आणि लाल दवा आणणारं सरकार वेगवेगळं असतं तर बरं झालं असतं. तसं ते नव्हतं, आणि तिसरं कुणी येणार नव्हतं.

दुसऱ्या साली वैशाख लागायच्या आधीच तिनं भाकरी बांधली अन् निघाली. वेशीत शेषेराव बसला होता.

"कुठं निघालाव, काकू?"

"कंधारला. औंदा पटकी यायच्या आधीच हिरीत दवा टाकून जा म्हनाया."

"अन् पेवं?"

"तुमच्या माजघरात खोदा. तिकडं मी न्हेत न्हाई कुनाला."

शेषेराव तंबाखू थुंकला. ती वेशीबाहेर दहा पावलं गेली तेव्हा मागून हाक आली.

"काकू! दवा जराशी जास्तीची आनाया सांगा. वरल्या आळीची हीर बी हाय."