नव्या शर्टाचे खांदे

आमच्या चित्रकलेच्या वर्गात एक शिंपीणबाई यायच्या. नवरा अंथरुणाला खिळलेला. त्याच्या उशाशी बसल्या बसल्या जीव कशात तरी गुंतावा, म्हणून चित्रं शिकत होत्या. दर खेपेला त्याचंच चित्र आणायच्या. खांदे रुंद, मान भरलेली. सर वैतागायचे. "बाई, ठाऊक आहे ते काढू नका. दिसतंय ते काढा!"

"त्यांची मापं तोंडपाठ आहेत मला," बाई फणकारायच्या. "लग्नापासून शर्ट मीच शिवतेय."

शेवटी सरांनी एक डोळा मिटून, हात लांब करून, पेन्सिलीवर माप घ्यायला शिकवलं. पुढच्या चित्रात गळ्याची हाडं वर आली होती, डोकं उशीत बुडालं होतं. आणि सर, धन्य त्या माणसाची, खूश झाले! "आत्ता जमलं. हुबेहूब!"

घरी तुकड्या-तुकड्यानं मोजून काढलेलं ते चित्र बाईंनी वर्गात पहिल्यांदा सबंध पाहिलं. त्या पांढऱ्याफटक पडल्या. माझ्या हातातलं खोडरबर हिसकावून त्या खांदे पुसायला लागल्या.

"अहो, बिघडवताय!" सर म्हणाले.

"बरे झाल्यावर घालायला नवा शर्ट शिवून ठेवलाय मी," बाई ओरडल्या. "तो काय या हाडांना घालू?"