आधीच दिलेली खेळी

घरात आता मी आणि माझी थोरली बहीण, नंदाताई, दोघंच; माझा मुलगा बंगळुरूला असतो. दुपारचा चहा उकळेपर्यंत ती मोबाइलवर बुद्धिबळ खेळते. प्रत्येकाला एकच मिनिट, समोर कुठला तरी अनोळखी माणूस. चष्मा नाकावर घसरलेला, आणि अंगठा मात्र गव्हले वळावेत तसा भराभर चालतो.

समोरच्याची पाळी चालू असतानाच ती आपली पुढची खेळी देऊन ठेवते. त्याने चाल केली की हिची आपोआप पडते. तेवढाच सेकंद वाचतो. "तो उंट मागे घेणार. दुसरं करील काय?" म्हणते. बहुतेकदा तो घेतोच. काल मात्र त्याने शेजारचं प्यादं सरकवलं, आणि ताईचा वजीर आपल्या पायांनी त्या प्याद्याच्या तोंडी जाऊन पडला. ताई खळखळून हसली.

मला गंमत वाटली. एका घरात जन्म काढलेली माणसंही एकमेकांचं बोलणं अर्धंच ऐकतात, उरलेलं पाठ असतं. त्यातून वाचलेल्या वेळाचं आपण करतो तरी काय?

आज मी म्हटलं, "ताई, मुलाचा फोन होता. बंगळुरूला कायमचं राहायला..."

"जा ना," पडद्यावरून नजर न काढता ती म्हणाली. "माझं होईल. मी राहीन एकटी."

इतकं तयार उत्तर! किती दिवसांपासून देऊन ठेवलं होतं तिने?

"येणार नाही म्हणून सांगितलं त्याला," मी म्हटलं.

तिचा अंगठा जागीच थांबला. चहा उतू गेला. मिनिट संपलं तरी ताईने खेळी केली नाही.